इब्ने सफी : एका रहस्यकथाकाराची कारकीर्द आणि वाङ्मयेतिहासाची पद्धती

वाङ्मयाचा इतिहास लिहिणारा अभ्यासक लोकप्रिय लेखकापाशी येऊन पोहोचला की त्याची भाषा बदलते. एरवी तो आशय, रूप, जाणीव, परंपरा यांविषयी बोलत असतो. येथे मात्र तो आकडे सांगू लागतो. बाबूराव अर्णाळकरांविषयी (१९०६-१९९६) आपण 'हजारांवर पुस्तके' एवढे नोंदवतो, झुंजार आणि काळापहाड ही नावे घेतो आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतो. संख्येचा उल्लेख हा वरवर गौरवासारखा दिसत असला, तरी प्रत्यक्षात ती वाचण्यातून करून घेतलेली सुटका असते. उर्दू वाङ्मयेतिहासात हेच इब्ने सफी यांच्या वाट्याला आले. १९५२ ते १९८० या काळात त्यांनी 'जासूसी दुनिया' या मालेत १२५ आणि 'इमरान' मालेत १२० अशा सुमारे अडीचशे कादंबऱ्या लिहिल्या. या आकड्यापाशी न थांबता त्यांच्या कारकिर्दीकडे पाहिले, तर आपल्या वाङ्मयेतिहासाच्या पद्धतीविषयी काही अडचणीचे प्रश्न उभे राहतात. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

१

इब्ने सफी यांचे मूळ नाव असरार अहमद. त्यांचा जन्म २६ जुलै १९२८ रोजी अलाहाबाद जिल्ह्यातील नारा या गावी झाला. वडिलांचे नाव सफीउल्ला. 'इब्ने सफी' म्हणजे सफीचा पुत्र. दाग देहलवींच्या शिष्यपरंपरेतील कवी नूह नारवी हे याच गावचे. असरार अहमद यांनीही प्रारंभी 'असरार नारवी' या नावाने गझला आणि नज्मा लिहिल्या. १९४८ मध्ये अब्बास हुसैनी यांनी अलाहाबादेत 'नकहत' हे मासिक सुरू केले, तेव्हा त्याच्या काव्यविभागाचे काम त्यांच्याकडे आले. याच मासिकात 'तुग़रल फ़रग़ान' यासारख्या टोपणनावांनी त्यांनी उपहासपर गद्य लिहिले. उदरनिर्वाहासाठी शाळेत शिकवावे, संध्याकाळी मासिकाच्या कचेरीत मित्रमंडळींत बसावे, असा हा काळ होता.

कवी आणि विडंबनकार असलेला हा तरुण रहस्यकथेकडे कसा वळला, याचा वृत्तान्त त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवला आहे. १९५१ च्या अखेरीस मित्रांच्या बैठकीत असा सूर निघाला की, उर्दूत खपते ते केवळ कामुक साहित्य. असरार अहमद यांना हे मान्य नव्हते. कामवासनेचा आधार न घेताही लोकांना वाचायला लावणारे लेखन करता येईल, असे त्यांनी प्रतिपादन केले आणि त्याची सिद्धता करण्याची जबाबदारी त्यांच्यावरच येऊन पडली. मार्च १९५२ मध्ये 'जासूसी दुनिया'चा पहिला अंक 'दिलेर मुजरिम' या कादंबरीच्या रूपाने बाहेर पडला आणि इन्स्पेक्टर फरीदी व सार्जंट हमीद ही जोडी वाचकांसमोर आली.

या आरंभकथेतील एक गोष्ट समीक्षकाने ध्यानात घेतली पाहिजे. येथे लोकप्रिय साहित्याचा जन्म अभिरुचीला शरण जाण्यातून झालेला नाही, तर अभिरुचीविषयीच्या एका वादातून झालेला आहे. लोकांना काय आवडते हे ठरलेलेच आहे, हे गृहीतकच लेखकाने नाकारलेले दिसते. 'लोकानुनय' या एका शब्दात लोकप्रिय साहित्याची बोळवण करणाऱ्या भूमिकेला हा प्रसंग सहजी सामावून घेता येत नाही.

२

'दिलेर मुजरिम'चे कथानक स्वतंत्र नव्हते. ते व्हिक्टर गन या इंग्रज लेखकाच्या एका कादंबरीवरून घेतले होते. आपल्या सुरुवातीच्या काही कादंबऱ्यांची कथाबीजे परकीय आहेत हे इब्ने सफींनी स्वतः मान्य केले आहे. या कबुलीचा उपयोग त्यांच्या विरोधात करणे सोपे आहे. पण अधिक फलदायी प्रश्न असा, की उसन्या कथानकापासून निघालेला हा लेखक थोड्याच काळात आपल्या स्वतंत्र सृष्टीपर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचला?

उर्दूत रहस्यकथेची परंपरा बहुतांशी अनुवाद-रूपांतरांची होती. जफर उमर यांची 'नीली छतरी' (१९१६) ही आर्सेन लूपँच्या कथांवरून घडलेली. तीरथराम फिरोजपुरी यांनी तर इंग्रजी रहस्य-साहसकथांच्या अनुवादांचे एक भांडारच उभे केले. हे चित्र मराठी अभ्यासकाला अपरिचित नाही. गो. ना. दातारांची कादंबरी रेनॉल्ड्सच्या आधाराने उभी राहिली आणि हरिभाऊ आपट्यांच्या 'मधली स्थिती'मागेही तोच रेनॉल्ड्स होता. हरिभाऊंच्या बाबतीत या ऋणाला आपण 'प्रभाव' म्हणतो आणि त्यापुढील विकास तपासतो. दातारांच्या बाबतीत 'रूपांतर' म्हणतो आणि तेथेच थांबतो. एकाच व्यवहाराला दिलेली ही दोन नावे आपल्या मूल्यव्यवस्थेविषयी बरेच काही सांगून जातात.

इब्ने सफींच्या बाबतीत विकासाची दिशा स्पष्ट दाखवता येते. लहानपणी त्यांनी 'तिलिस्मे होशरुबा' वाचली होती आणि तिचा आपल्यावर झालेला परिणाम त्यांनी नमूद केला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने काढलेली ही प्रचंड दास्तान. तिच्यात दोन प्रकारचे नायक असतात. एक अमीर हमजाच्या कुळातला, कुलीन, निग्रही, पराक्रमी. आणि दुसरा अय्यार, म्हणजे वेषांतर करणारा, थट्टेखोर, प्रसंगी भेकडाचे सोंग आणणारा आणि शक्तीपेक्षा युक्तीने जिंकणारा. फरीदी आणि हमीद यांच्याकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे होम्स आणि वॉटसन या जोडीशी त्यांचे नाते वरवरचे आहे हे लक्षात येते. वॉटसन हा वाचकाचा प्रतिनिधी आहे. त्याला कळत नाही म्हणून होम्सला बोलावे लागते. हमीद हा अडाणी नाही. तो कंटाळतो, चिडवतो, प्रेमात पडल्याचे नाटक करतो आणि फरीदीच्या गांभीर्याला सतत टोचत राहतो. दास्तानीतला अय्यार हा असाच असतो.

१९५५ मध्ये 'खौफनाक इमारत' या कादंबरीपासून सुरू झालेल्या दुसऱ्या मालेत लेखकाने यापुढचे पाऊल टाकले. येथे अय्यारच नायक झाला. अली इमरान हा ऑक्सफर्डचा पीएच.डी., पण वागतो मूर्खासारखा. बाप गुप्तचर खात्याचा प्रमुख आणि मुलाला नालायक समजणारा. पुढे हाच इमरान गुप्तसेवेचा अज्ञात प्रमुख 'एक्स-टू' होतो. त्याच्या हाताखालचे लोक दूरध्वनीवरील एक्स-टूच्या आवाजाला थरथरतात आणि समोर बसलेल्या इमरानची टिंगल करतात. एकाच व्यक्तीत सत्ताधीश आणि विदूषक यांना असे एकत्र बांधणे ही या लेखकाची खरी निर्मिती होय.

त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी १९६६ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात रहस्यकथेत दोन कथा असतात असे मांडले : एक गुन्ह्याची आणि दुसरी तपासाची. इब्ने सफींच्या संहितेत या दोहोंखेरीज तिसरी एक कथा सतत वाहत असते. ती संभाषणाची, थट्टेची, शब्दच्छलाची कथा आहे. तपास थांबतो आणि हमीद-कासिम यांचे भांडण पानेच्या पाने चालते. तोदोरोव्हच्या आराखड्यात हा भाग 'अनावश्यक' ठरेल. परंतु ज्या वाचकाला शेवट आधीच ठाऊक आहे, तोही पुन्हा पुन्हा या कादंबऱ्यांकडे वळतो, तो याच भागासाठी. पुनर्वाचनीयता ही अभिजाततेची खूण मानली जात असेल, तर येथे ती कथानकाच्या बाहेर कोठेतरी वास करते, हे आपल्याला मान्य करावे लागते.

३

पहिली कादंबरी प्रसिद्ध झाल्यावर पाचच महिन्यांनी, ऑगस्ट १९५२ मध्ये, इब्ने सफी कराचीला गेले. वडील फाळणीच्या वेळीच तेथे गेले होते. लेखक पाकिस्तानात आणि प्रकाशक अलाहाबादेत, अशी परिस्थिती निर्माण झाली. सामान्यतः अशा वेळी एकतर माला बंद पडते किंवा लेखक बदलतो. येथे दोन्ही घडले नाही. हस्तलिखिते कराचीहून अलाहाबादला येत राहिली, पुढे कराचीत लेखकाने स्वतःची प्रकाशनसंस्थाही काढली आणि एकच कादंबरी दोन्ही देशांत वाचली जाऊ लागली. इतकेच नव्हे, तर १९५२ च्या अखेरीपासून अलाहाबादेतूनच नागरी लिपीत हिंदी आवृत्ती निघू लागली.

या हिंदी आवृत्तीत एक बदल करण्यात आला आणि तो या साऱ्या कारकिर्दीतील सर्वांत अर्थपूर्ण बदल आहे असे मला वाटते. फरीदीचा 'विनोद' झाला. पुढे इमरानचा 'राजेश' झाला. हमीद मात्र हमीदच राहिला. उर्दू लिपीतल्या वाचकाला जो नायक फरीदी म्हणून ठाऊक होता, तोच नागरीतल्या वाचकाला विनोद म्हणून ठाऊक झाला. भाषा जवळजवळ तीच, प्रसंग तेच, विनोदही तेच. बदलले ते केवळ नायकाचे नाव. फाळणीनंतरच्या त्या काळात हिंदी वाचक मुसलमान नायक स्वीकारणार नाही, असे प्रकाशकीय अनुमान या बदलामागे असावे हे उघड आहे. पण दुय्यम पात्राला त्याचे नाव ठेवू दिले गेले, हेही तितकेच बोलके आहे. नायकपद कोणाला आणि साहाय्यकपद कोणाला, याचा एक अलिखित करारच येथे दिसून येतो.

तरीही या बदलाला दुसरी बाजू आहे. नाव बदलताच नायक सहज 'आपला' होतो, याचा अर्थ त्याच्या ठायी असे काहीच नव्हते की ज्यामुळे तो दुसऱ्याचा ठरावा. हे शक्य झाले, कारण इब्ने सफींनी आपल्या कथांतील देशाला नाव दिले नव्हते. शहर अनाम, देश अनाम. फरीदीचा देश म्हणजे भारत आणि इमरानचा देश म्हणजे पाकिस्तान, असे वाचक पुढे मानू लागले. संहितेत मात्र त्याचा स्पष्ट उच्चार नाही. 'ज़मीन के बादल' या कादंबरीत तर हे दोन्ही नायक एकत्र येतात. त्यांचा समान शत्रू शेजारचा देश नसतो. पुढील काळातील कादंबऱ्यांत हे शत्रुत्व 'झीरोलँड' नावाच्या, नकाशावर नसलेल्या आणि विज्ञानाच्या बळावर जगावर राज्य करू पाहणाऱ्या एका सत्तेकडे वळते.

फाळणीच्या साहित्याचा विचार करताना आपण मंटोंच्या कथा घेतो, कुर्रतुलऐन हैदर यांची 'आग का दरिया' (१९५९) घेतो आणि ते योग्यच आहे. त्यांनी फाळणीला विषय केले. इब्ने सफींनी फाळणीचा विषयच केला नाही. पण ज्या काळात दोन राष्ट्रांचे लेखक आपापल्या सरहद्दींच्या आत आपापली वाङ्मये उभारीत होते, त्या काळात देशाचे नाव न घेणारी आणि म्हणूनच दोन्ही देशांत खपणारी एक सृष्टी त्यांनी पंचवीसेक वर्षे चालवली. याला राजकीय भूमिका म्हणणे धाडसाचे होईल. त्यामागे व्यवसायाची गरजही होतीच. परंतु साहित्यकृतीचा परिणाम लेखकाच्या हेतूपुरता मर्यादित नसतो, हे तत्त्व आपण अन्यत्र मान्य करीत असू, तर येथेही ते करावे लागेल. १९६५ आणि १९७१ ची युद्धे झाली. या दोन्ही वाचकवर्गांचे वाचन त्यानंतरही एकच राहिले.

४

१९६० ते १९६३ ही तीन वर्षे इब्ने सफी गंभीर मानसिक आजाराने ग्रस्त होते आणि त्यांचे लेखन पूर्णतः थांबले होते. या काळात जे घडले ते लेखक या संस्थेचा विचार करणाऱ्या कोणालाही उद्बोधक वाटेल. बाजारात त्यांच्या नावाशी मिळतीजुळती नावे धारण करणारे लेखक निर्माण झाले. फरीदी, हमीद, इमरान हेच नायक घेऊन त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या आणि त्या विकल्याही गेल्या.

मिशेल फुको यांनी १९६९ च्या व्याख्यानात लेखक ही व्यक्ती नसून विशिष्ट संहितांचे वर्गीकरण करणारे एक कार्य आहे असे मांडले. लेखक आजारी असताना त्याचे नाव काम करीत राहावे, हे त्या सिद्धांताचे जणू प्रात्यक्षिकच. पण प्रात्यक्षिकाचा उत्तरार्ध सिद्धांताला अडचणीत आणणारा आहे. वाचकांनी या नकलांना मूळ लेखनाचा दर्जा दिला नाही. १९६३ च्या नोव्हेंबरमध्ये 'डेढ मतवाले' ही इमरान मालेतील कादंबरी घेऊन इब्ने सफी परतले. भारतात तिचे प्रकाशन, नुकतेच केंद्रीय गृहमंत्रिपदावरून पायउतार झालेल्या लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाले आणि मागणीमुळे लगोलग दुसरी आवृत्ती काढावी लागली. पात्रे तीच, नावे तीच, चौकट तीच. तरी वाचक तीन वर्षे 'त्या' वाक्याची वाट पाहत राहिला होता. ज्याला आपण निर्बुद्ध उपभोक्ता समजतो, त्या वाचकाने शैलीच्या आधारे कर्तृत्वनिश्चिती केली होती. पाठचिकित्सक करतो ते काम त्याने कोणत्याही प्रशिक्षणाशिवाय केले.

या वाचकाशी लेखकाचे नातेही वेगळे होते. प्रत्येक कादंबरीच्या आरंभी 'पेशरस' या नावाने ते छोटी प्रस्तावना लिहीत. तीत मागील पुस्तकावर आलेल्या पत्रांना उत्तरे असत, तक्रारींची दखल असे, नकलाकारांना टोले असत आणि कधी स्वतःची चेष्टाही असे. ही सर्व पेशरसे एकत्र वाचली, तर एका लेखक-वाचक संवादाचा सलग दस्तऐवज हाती येतो. अभिग्रहणाच्या सिद्धांताचा अभ्यास करणाऱ्यांना वाचकाचा माग पुष्कळदा अनुमानाने काढावा लागतो; येथे लेखकाच्या उत्तरांतून वाचकाचे प्रश्न आपल्यापुढे उभे राहतात. भाड्याने पुस्तके देणाऱ्या लहान वाचनालयांतून एकेक प्रत अनेकांच्या हातांत जाई. त्यामुळे या वाचकांची मोजदाद विक्रीच्या आकड्यांनी होणार नाही. पत्रांतून ऐकू येणाऱ्या त्यांच्या आवाजावरच भिस्त ठेवावी लागेल.

५

या साऱ्याचा अर्थ इब्ने सफी यांच्या लेखनातील उणिवांकडे डोळेझाक करावी असा नाही. कायद्याविषयी आदर निर्माण करणे हा आपला हेतू असल्याचे ते सांगत. प्रत्यक्षात मात्र त्यांचा फरीदी अनेकदा कायद्याच्या वर वावरतो आणि इमरानची सत्ता तर कोणालाच उत्तरदायी नसते. न्यायालय या सृष्टीत जवळजवळ नाही. नवस्वतंत्र देशांतील नागरिकाला, भ्रष्ट न होणारा आणि सर्वज्ञ असा अधिकारी हवाहवासा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या स्वप्नात लोकशाहीविषयीचा एक खोल अविश्वास दडलेला आहे. हा लेखक आपल्या काळाचा साक्षीदार ठरतो तो येथे, त्याच्या इच्छेविरुद्ध.

वंशविषयक चित्रणाचा दोष याहून ढोबळ आहे. इमरानचा आफ्रिकी अंगरक्षक जोसेफ हा दारूडा, अंधश्रद्ध आणि कुत्र्यासारखा एकनिष्ठ असा रंगवला आहे. संग ही हा चिनी खलनायक म्हणजे पाश्चात्त्य रहस्यकथेने घडवलेल्या साच्याची नक्कल आहे. स्वतः वसाहतवादाचा अनुभव घेतलेल्या समाजातील लेखकाने वसाहतवादी कल्पनाशक्तीची ही उचल तपासून पाहिली नाही. देश अनाम ठेवून ज्याने शेजाऱ्याला शत्रू होऊ दिले नाही, त्यालाच दूरच्या माणसाचे विद्रूपीकरण खटकले नाही. या विसंगतीचा उलगडा केल्याशिवाय त्यांच्याविषयीचे कोणतेही मूल्यविधान पुरे होणार नाही आणि तो करण्यासाठी त्यांना वाचावेच लागेल.

६

२६ जुलै १९८० रोजी, बावन्नाव्या वाढदिवशीच, इब्ने सफी यांचे कराचीत कर्करोगाने निधन झाले. त्यानंतर कित्येक वर्षे अभ्यासकांनी त्यांची फारशी दखल घेतली नाही. दरम्यान चाहत्यांच्या लेखनात एक आख्यायिका फिरत राहिली, की अगाथा ख्रिस्तीने त्यांची मौलिकता मान्य केली होती. आख्यायिकेच्या सत्यतेपेक्षा तिची गरज महत्त्वाची आहे. स्वभाषेतील समीक्षा प्रमाणपत्र देत नसेल, तर वाचक ते परदेशातून आणतो.

समीक्षेने दखल घेतली ती एकविसाव्या शतकात. २०१० मध्ये बिलाल तन्वीर यांनी 'खौफनाक इमारत'चा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. २०११ मध्ये 'जासूसी दुनिया'तील चार कादंबऱ्या इंग्रजीत आल्या आणि त्यांचे अनुवादक होते शम्सुर्रहमान फारुकी. दास्तानीच्या काव्यशास्त्रावर आयुष्याचा मोठा काळ खर्च करणारा उर्दूचा अग्रगण्य समीक्षक इब्ने सफींचा अनुवाद करायला बसतो, ही केवळ आवडीची बाब नव्हे. दास्तान आणि 'जासूसी दुनिया' यांच्यातील जे नाते वर दाखवले, त्याला मिळालेली ही एक प्रकारची मान्यताच होय. या अनुवादांत नायकाचे नाव अर्थातच फरीदी आहे. हिंदी चित्रपटसृष्टीतही हा प्रवाह पोहोचला होता. ठसठशीत नावांची आणि वास्तवापेक्षा मोठी पात्रे घडवण्याचे महत्त्व आपण इब्ने सफींच्या वाचनातून शिकलो, असे मुंबईतील पटकथाकार जावेद अख्तर यांनी जाहीरपणे सांगितले आहे. ज्यांनी इब्ने सफी हे नावही ऐकलेले नाही, अशा कोट्यवधी प्रेक्षकांपर्यंत त्यांच्या वाचनाचा ठसा असा अप्रत्यक्षपणे गेला.

आपला वाङ्मयेतिहास भाषा, लिपी, राष्ट्र आणि ग्रंथ या चार खुंट्यांवर ताणलेला असतो. इब्ने सफी यांची कारकीर्द यांपैकी एकाही खुंटीला नीट बांधता येत नाही. भाषा एक पण लिप्या दोन, लेखक एक पण देश दोन, नायक एक पण नावे दोन. आणि ग्रंथ तर दरमहा येणारा, हातोहात झिजून जाणारा. या चौकटीत जे बसत नाही ते क्षुद्र, असा निष्कर्ष आपण फार काळ काढीत आलो. चौकटच अपुरी असेल ही शक्यता तपासण्याचे काम अजून शिल्लक आहे. मराठीत ते अर्णाळकरांपासून सुरू करता येईल. त्यासाठी पहिली अट एवढीच, की 'हजारांवर पुस्तके' असे लिहून झाल्यावर लेखणी खाली ठेवायची नाही. त्यांतील निदान शंभर तरी वाचून मग पुढचे वाक्य लिहायचे.